पाणकणसातले दोन दिवस

लिंगम्माकाकीला एका जागी बसवत नसे. मी चौपन्न साली सून म्हणून या घरात आले तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. जेवतानासुद्धा ती दोनदा उठायची, दारापर्यंत जायची, तळ्याकडं कान द्यायची आणि परत येऊन ताटावर बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "आवाज कसा यायलाय ते बघितलं." घरच्यांना सवय झाली होती. मला मात्र पहिले काही महिने या बाईची भीतीच वाटायची. तिला काय झालं होतं ते मला हळूहळू कळलं, थोडं तिच्याकडून, थोडं माझ्या सासऱ्यांकडून.

माझे सासरे जगदेवप्पा घरातले थोरले. लिंगम्मा त्यांच्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला सहा वर्षं होतात न होतात तोच तो भाऊ तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. हुलसूरहून तिचे भाऊ न्यायला आले, पण ती गेली नाही. साळ कोण राखणार, असं तिनं विचारलं म्हणे. भाऊ रागानं परत गेले.

साळ राखणं हे आमच्या गावात खरंच मोठं काम होतं. निजामाच्या मुलखात, बीदरच्या बाजूला, मंठाळच्या पुढं दोन कोसांवर आमचं गाव. सगळीकडं ज्वारी आणि तूर, साळ पिकायची ती फक्त जहागीरदाराच्या जुन्या तळ्याच्या आधारानं. आमचं वावर बांधाच्या टोकाला होतं. तिथं बांध ठेंगणा, आणि त्याला लागून पाणकणसाचं बेट, माणूस उभा राहिला तर दिसणार नाही एवढं उंच. त्या बेटात जांभळ्या पाणकोंबड्या राहायच्या. कानडीत आम्ही जंबुकोळी म्हणतो, मुसलमान लोक कैम म्हणत. घरच्या कोंबडीएवढा पक्षी, अंग निळंजांभळं, उन्हात वळला की मोरासारखी झाक मारणारं. चोच आणि कपाळावरची टिकली लालभडक, पायही लाल, आणि बोटं इतकी लांब की तरंगत्या पाल्यावरून चालताना बुडत नाहीत. जहागीरदाराच्या पाहुण्यांशिवाय तिथं कुणाला बंदूक उडवायची परवानगी नव्हती, म्हणून त्या शेकड्यानं वाढल्या होत्या.

दिसायला देखण्या, पण साळीच्या वैरी. बेटातून निघाल्या की चार पावलांत वावरात. जेवढं खायच्या त्याच्या तिप्पट मोडायच्या. काकी श्रावणापासून सुगीपर्यंत वावरातल्या राखणीच्या माळ्यावर उभी असायची, हातात गोफण घेऊन. अकरा वर्षं तिनं हेच केलं. वैऱ्याला माणूस जसं ओळखतो तसं ती त्यांना ओळखायची. नर चोचीत शेवाळाची काडी धरून मादीपुढं कसा वाकतो, ते ती मला करून दाखवायची. कणसाचा कोंब उपटून तो पोपटासारखा पायात धरायचा आणि आतला पांढरा गाभा सोलून खायचा, हे तिनंच मला पहिल्यांदा सांगितलं. उभी कणसं वाकवून, दाबून, त्या पाण्यावर बैठका करतात, त्यांवर घरटी. पिल्लं काळीकुळकुळीत असतात, आणि त्यांना भरवायला आईबाप दोघंच नसतात, तीन-तीन चार-चार मोठ्या कोंबड्या एका घरट्यात राबतात. "कोण आई, कोण मावशी, मला अजून कळालेलं न्हाई," ती म्हणायची.

आणि आवाज. माणूस बेटाजवळ गेलं की एक कोंबडी शेपटी झटकते, शेपटीखालचा पांढरा भाग चमकतो, आणि ती ओरडते. लगेच दुसरी, तिसरी, मग सगळं बेट. कुणी हेल काढून रडतंय असं वाटावं असला तो गलका. पण माणूस न हलता बसला, तर अर्ध्या तासात त्या त्याला विसरतात आणि परत चरायला लागतात. म्हणून काकी कधी बेटात गोटा मारायची नाही. ती साळीत मारायची, म्हणजे पक्षी बेटाकडं पळतील. बेटात मारला तर सगळ्या बाहेर फुटतात आणि साळीत घुसतात, मग अर्धा दिवस आवरत नाहीत. हे शेजारपाजारच्या सगळ्या वावरवाल्यांना माहीत होतं.

तळ्याच्या मोरीवर दस्तगीर नावाचा राखणदार होता. कुणाच्या वावराला किती वेळ पाणी सोडायचं ते तो बघायचा. बांधावरच त्याची झोपडी, बायको खैरून, नऊ वर्षांची चाँद आणि चार महिन्यांचं तान्हं. काकी माळ्यावर, तो मोरीवर, दिवसभर दुसरं माणूस नाही. त्यामुळं बोलणं व्हायचं, तेही पाण्याचं आणि पक्ष्यांचं.

अठ्ठेचाळीसच्या आषाढात गावावर रझाकारांची धाड आली. आमच्या अंगणात जमिनीखाली धान्याचं पेव होतं, ते फोडून धान्य नेलं. आडवा आला म्हणून जगदेवप्पांच्या मावसभावाला वीरभद्रप्पाला तिथंच मारलं. पेवं नेमकी कुठं आहेत हे रझाकारांना कुणी दाखवलं, यावर गावात खूप बोलणं झालं. दस्तगीरचं नाव निघालं, दुसऱ्या दोघांचंही निघालं. पुरावा कशाचाच नव्हता.

मग सप्टेंबरात हिंदी फौज आली. पाच दिवसांत निजामानं शस्त्रं खाली ठेवली. बातमी आमच्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली, आणि दुपार व्हायच्या आत काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसं गोळा झाली. काही शेजारच्या गावांतली, काही आमचीच. रझाकार तोवर पळून गेले होते. जे पळाले नव्हते ते साधे लोक होते.

दस्तगीर बायकापोरांना घेऊन काकीच्या माळ्याखाली आला तो कुणाकडं जावं असं ठरवून नव्हे, झोपडीपासून सगळ्यात जवळ तीच होती म्हणून. काकी मला म्हणाली होती, "मला इचार करायला येळच मिळाला न्हाई. मिळाला असता तर काय केलं असतं, बसवण्णालाच ठाऊक."

ती खाली उतरली आणि त्यांना बेटात घेऊन गेली. कोंबड्यांच्या येण्याजाण्यानं कणसांत बोळ पडलेले असतात, त्यातून वाकून, गुडघाभर पाण्यातून. आत एक जुनी, मोठी बैठक तिला माहीत होती. त्यावर खैरूनला आणि पोरांना बसवलं. दस्तगीर पाण्यातच राहिला. सगळं बेट त्यांच्याभोवती बोंबलत होतं.

काकीनं त्यांना एकच गोष्ट सांगितली. "ह्या आता वरडतील. वरडू द्या. तुमी हलू नका. त्या गप झाल्या की समजा, तुमी हितं न्हाईच."

ती बाहेर आली, माळ्यावर चढली. बेट अजून ओरडतच होतं. बांधाच्या दुसऱ्या टोकाला झोपडीतून धूर निघाला. ती गोफण हातात धरून उभी राहिली आणि मनात म्हणत राहिली, गप व्हा, गप व्हा. आयुष्यात पहिल्यांदा त्या कोंबड्यांनी साळीत यावं असं तिला वाटत होतं. माणसं बांधावरून निघाली. वीसेक असतील. बेटातला गलका कमी झाला, मग एकीकडं उरला, मग थांबला. माणसं माळ्यापाशी आली तेव्हा बेटाच्या कडेला एक कोंबडी चार काळ्या पिल्लांना घेऊन निवांत चालली होती, पावलापावलाला शेपटी उडवत.

त्यांनी काकीला विचारलं, दस्तगीर कुणीकडं गेला. तिनं सांगितलं की पहाटेपास्नं झोपडीत कुणी हाललेलं दिसलं नाही. एकानं बेटाकडं बोट केलं. तेव्हा त्यांच्यातलाच एक साळवाला म्हणाला की आत माणूस असता तर ह्या कोंबड्या अशा चरल्या असत्या का. ते सगळ्यांना पटलं. माणसं निघून गेली.

त्या घोळक्यात जगदेवप्पा होते. हातात कुऱ्हाड होती. ते काकीशी एक शब्द बोलले नाहीत, आणि थोरल्या दिरानं चारचौघांत बोलावं अशी रीतही नव्हती.

ती रात्र कशी गेली ते काकीनं मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती न्याहारीच्या जादा भाकरी घेऊन गेली. कणसाचा भारा कापायचं निमित्त करून आत शिरली. खैरूनला ताप भरला होता, दूध आटत चाललं होतं. तान्हं सारखं कुरकुरत होतं. चाँद मात्र दगडासारखी बसली होती, तिच्या मांडीशेजारी कोंबडीची दोन अंडी होती, लालसर, ठिपक्यांची. ती पोरगी कालपासून त्यांना हात न लावता बसली होती. पलीकडं दोन हातांवर त्या घरट्यातल्या कोंबड्या पुन्हा पुन्हा येऊन बघून जात होत्या.

दुपार कलली तेव्हा माणसं परत आली. या वेळी कमी होती, आठ-दहा, पण जास्त बारकाईनं बघणारी. कुणीतरी कुणालातरी सांगितलं होतं की या रस्त्यानं कोणी बाहेर गेलेलं दिसलं नाही. जगदेवप्पा परत त्यांच्यात होते. माणसं माळ्याखाली थांबली. बेट गप होतं. सगळं कालच्यासारखंच जमून आलं होतं, आणि त्या शांततेत तान्हं रडलं.

एकदाच, बारीक. कोंबडीच्या पिल्लाचा आवाज असावा असं वाटण्याइतकंच. पण ते परत रडणार हे काकीला माहीत होतं.

तिनं गोफणीत गोटा भरला, डोक्यावरून फिरवली आणि हाऽऽ हाऽऽ करत बेटात मारला. एक, दोन, तीन. सगळं बेट फुटलं. शंभर गळे एकदम ओरडायला लागले. लाल पाय लोंबकळत जड अंगानं कोंबड्या उडाल्या, साळीत पडल्या, इकडून तिकडं धावल्या. काकी कोंबड्यांना शिव्या देत, ओरडत, गोटे मारतच राहिली. माणसं एकमेकांशी काय बोलतात तेही ऐकू येईना. एकानं कानांवर हात ठेवले. कुणी हसलं, बाई साळीपायी वेडी झाली म्हणालं.

जगदेवप्पा हसले नाहीत. ते काकीकडं बघत होते. काकीनं बघितलं की ते बघायलेत, आणि तिचा हात थांबेना. गोटे संपले तेव्हा तिनं ढेकळं मारली.

जगदेवप्पा मग त्या माणसांना म्हणाले, हितं काही नाही, मोरीच्या खालच्या अंगाला ओढ्यात बघू. त्यांना घेऊन ते निघून गेले.

संध्याकाळी काकी घरी आली. जगदेवप्पा ओसरीवर होते. ती आत गेली, चूल पेटवली, भाकरी केल्या. ते जेवले. ती ताटं घासत राहिली, घासलेलीच परत घासत राहिली. आता उठून कुणाला सांगतात का, की सांगून आलेत, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ते उठले नाहीत. तसेच आडवे झाले.

पहाटे, उजाडायच्या जरा आधी, त्यांनी बैल जुंपले. गाडीत कडबा भरला. काकी बाहेर आली तेव्हा ते कडबा ढळू नये म्हणून गाडीची साटी बांधत होते.

"लिंगम्मा," ते म्हणाले, "कडबा घेऊन हुमनाबादच्या सडकंला जायलोय. तितं फौजेची छावणी पडलीय. तुझ्या वावरावरून जातो."

त्यांनी तिच्याकडं न बघताच पुढं म्हटलं, "बाईला तुझं लुगडं दे. कुंकू लावायला सांग."

त्यांनी दस्तगीरला कडब्याखाली घातलं. खैरून काकीचं लुगडं नेसून तान्ह्याला घेऊन वर बसली, चाँद तिच्याजवळ. बेटातल्या कोंबड्यांचा पहाटेचा गलका चालू होता, त्यात चाकांचा आवाज मिसळून गेला. काकी माळ्याखाली उभी राहिली. गाडी वळणाआड गेली तशी ती खाली बसली, आणि लगेच उठली. त्या दिवसापासून तिला बसवेनासं झालं.

जगदेवप्पा दुसऱ्या रात्री परत आले. छावणीपर्यंत पोचवलं, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढं ते कुठं गेले, जगले का, काही कळायला मार्ग नव्हता. गावात कुणाला संशय आला, कुणाला नाही आला. आलेल्यांनीही तोंड उघडलं नाही, कारण बहुतेकांना ते दोन-तीन दिवस विसरायचे होते. जहागिरी गेली, तळं सरकारजमा झालं. मोरीवर नवा राखणदार कुणी नेमला नाही. मोरीचं तोंड बंद करायचा खुंटा नीट बसत नव्हता, पाणी वाया जायचं, वावरवाले भांडायचे.

काकी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिली. हळ्ळीखेडच्या बाजाराला गेली की बांगड्या विकणाऱ्या मुसलमान बायकांपाशी थांबायची, दस्तगीर मोरीवाला कुणाला भेटला का म्हणून विचारायची. बीदरहून आलेल्या गाडीवाल्यांना विचारायची. तीन वर्षं. जगदेवप्पा ऐकायचे, पण ना नको म्हणाले, ना विचार म्हणाले.

बावन्न साली कार्ड आलं, उर्दूत. आमच्या शाळेचे मास्तर पांडुरंगराव उर्दूत शिकलेले होते. त्यांनी वाचून दाखवलं. दस्तगीर हैदराबादेत एका बागेत माळीकाम करत होता. सगळे खुशाल होते, तान्हं आता धावत होतं. शेवटी विचारलं होतं की त्या अंड्यांतून पिल्लं निघाली का, चाँद विचारते.

काकीनं मास्तरांना लिहायला सांगितलं की निघाली, आणि साळीचा निम्मा वाफा खाऊन गेली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात दस्तगीर स्वतः आला. एकटा. गावात आला नाही, बांधावरच थांबला. कुणीतरी काकीला सांगितलं आणि ती जवळजवळ पळतच गेली. तो मोरीपाशी उकिडवा बसून खुंट्याकडं बघत होता. पाच वर्षं वाहून वाहून दगडाची कड झिजली होती. त्यानं तिला नमस्कार केला आणि पहिलं वाक्य बोलला ते, ह्याचं काय करून ठेवलंय तुम्ही लोकांनी. मग धोतर खोचून पाण्यात उतरला. बाभळीचा नवा खुंटा तासला, चिंध्या आणि चुना भरला. काकी त्याला हत्यारं देत राहिली. कसं बसवायचं, किती सैल ठेवायचं, सगळं त्यानं तिला दाखवलं.

काम होत आलं तेव्हा तिनं पाच वर्षं मनात असलेलं विचारलं.

"दस्तगीर, पेवं तू दाखवलीस का?"

तो पाण्यातच उभा होता. खुंट्याभोवतीचा चुना बोटानं दाबत राहिला.

"दाखवली, अक्का," तो म्हणाला. "कंबरंत लाथा बसल्या तवा बोट केलं. माणूस मारतील असं वाटलं न्हवतं."

नंतर काकी मला म्हणाली की त्या क्षणी त्याला तिथंच सोडून घरी जावंसं वाटलं, पण पाय उचलेना. वीरभद्रप्पा तिच्या नवऱ्याबरोबर वाढला होता. तिच्या हातचं कितीदा जेवला होता.

शेवटी तिनं जगदेवप्पांबद्दल विचारलं, "अण्णाला ठाऊक हाय?"

"गाडीतच विचारलं त्यांनी. कडब्याखालून सांगितलं मी. खोटं बोलायचा धीर झाला न्हाई."

"मग?"

"मग गाडी थांबवली. लई येळ थांबवली. मंग बैल हाकलले."

दस्तगीर उन्हं उतरायच्या आत निघाला. काकीनं त्याला भाकरी बांधून दिली, पण तोंडानं ये परत असं तिला म्हणवलं नाही, आणि न म्हटल्याचंही तिला पुढं लागून राहिलं.

त्या दिवशी जेवण वाढताना तिनं जगदेवप्पांना विचारलं. रीत सोडून, समोर उभी राहून. "तुमाला ठाऊक होतं, आन् तरी नेलं. कामून?"

सासरे मला ही गोष्ट सांगताना इथं नेहमी अडायचे. काकीला त्यांनी दिलेलं उत्तर तेवढंच मला सांगितलं. "मी त्या लोकांबरोबर बघायला गेलो न्हवतो, लिंगम्मा. मारायलाच गेलो होतो. तू गोफण उलटी मारलीस तवा कळलं, ते आत हायेत. आन् पाय तिकडं वळंनात. त्याला कारण न्हाई माझ्यापाशी. गाडीत पण न्हवतं."

मोरीचं काम काकीनं उचललं. बाईमाणूस मोरीवर म्हणून सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, पण पाणी वेळेवर मिळायला लागल्यावर गप झाले. सरकारी महसुलाचा गिरदावर आला तेव्हा कागदावर राखणदार म्हणून जगदेवप्पांचं नाव लिहून गेला. खुंटा उचलायची ती. साळ राखायला पुढं मी जायला लागले. गोफण मला कधीच नीट जमली नाही, आणि कोंबड्यांना ते कळत असावं.

हैदराबादहून वर्षातून दोन कार्डं यायची. काकी उत्तर द्यायची, पण पेवाबद्दल कधी नाही. पंचावन्न साली चाँदचं लग्न ठरल्याचं कळलं. जायचं म्हणून ती तीनदा निघाली, एकदा तर मंठाळपर्यंत पोचली, आणि परत आली. लुगडं पाठवलं, पोष्टानं.

छप्पन्नच्या दिवाळीत पांडुरंगराव मास्तर ओसरीवर येऊन बसले आणि सांगू लागले की आता हैदराबाद संस्थान उरलं नाही, आपण म्हैसूर राज्यात आलो, हैदराबाद आंध्रात गेलं. सासरे सगळं ऐकून घेत होते. काकी दारात उभी होती, एक पाय बाहेर. तिला तळ्यावर जायची घाई होती.

"मास्तर," तिनं विचारलं, "म्हंजे आता तिकडं कार्ड पाठवायला तिकीट दुसरं लागंल का?"

मास्तर म्हणाले, तिकीट तेच.

"मग ठीक हाय," म्हणून ती निघाली.